मुख्यालयी राहणे बंधनकारक

मी नंदुरबारला खोली शोधायला गेले होते, आंतरराष्ट्रीय राजकारण करायला नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण सांगलीला आमच्या घरी कोणी पाहुणा आला की माझा धाकटा भाऊ अजूनही "ही आमची जागतिक सरचिटणीस" अशी ओळख करून देतो, आणि मग पाहुणे मी कुठल्या पक्षात आहे म्हणून खोदून खोदून विचारत बसतात.

झालं असं, की तिथल्या कॉलेजात भूगोल शिकवायची नोकरी लागली. रिक्षावाल्याने एका गल्लीत नेऊन सोडलं. घरावर भलीमोठी निळी पाटी. वरच्या ओळीत लिहिलेलं, 'विश्व डबा ऐसपैस महासंघ (आंतरराष्ट्रीय), मुख्यालय : नंदुरबार.' त्याखाली जरा बारीक अक्षरात, 'येथे खोली भाड्याने मिळेल. मांसाहार चालणार नाही.' मला खालच्या ओळीशी कर्तव्य होतं. वरची ओळ कोणा कार्ट्याचा चावटपणा असेल, असं मी धरून चालले.

दार उघडलं ते साठी उलटलेल्या गृहस्थांनी. पांढरा लेंगा, पांढरी टोपी, आणि गळ्यात शिट्टी. घरात, भरदुपारी, गळ्यात शिट्टी! त्यांनी मला जात विचारली नाही, गाव विचारलं नाही, लग्न झालंय का हेही विचारलं नाही. विचारलं, "काय शिकवता?"

"भूगोल."

"म्हणजे देश पाठ असतील?"

"असतात बरेचसे."

ते तसेच मागे वळून आत ओरडले, "आयकस का वं? सरचिटणीस मिळी गयात!" आणि मग माझ्याकडे वळून अगदी गंभीरपणे म्हणाले, "मॅडम, लपायला येतं ना?"

मला वाटलं, पोलिसांचं काही लफडं आहे. "कोणापासून?" मी विचारलं. ते दुखावले. म्हणाले, "खेळात हो."

डबा ऐसपैस कोण खेळलेलं नाही? एकाने डबा लांब फेकायचा, ज्याच्यावर डाव आहे त्याने तो आणून रिंगणात ठेवायचा, तोवर बाकीच्यांनी लपायचं. दिसला की डब्यावर हात आपटून नाव पुकारायचं, अमका ऐसपैस! आणि लपलेल्यांपैकी कोणी गुपचूप येऊन डबा उडवला की सगळं मुसळ केरात. आमच्या घरमालकांनी या खेळाचे दोन संघ केले, लपणारा आणि शोधणारा. नियम केले, घटना लिहिली, आणि स्वतः अध्यक्ष झाले. गल्लीत त्यांना सगळे अध्यक्षच म्हणत. मीही तेच म्हणणार आहे.

"कबड्डीला जागतिक संघटना आहे, खो-खोला आहे. मग डब्याने काय घोडं मारलंय?" हा त्यांचा पहिला सवाल. मी म्हटलं, अहो पण मोठ्या खेळांची मुख्यालयं परदेशात असतात. ते म्हणाले, "का असतात? कारण त्यांनी आधी पाटी लावली. जो आधी पाटी लावतो त्याचं मुख्यालय. आपण आधी लावली." मी कपाळाला हात लावला आणि खोलीची किल्ली घेतली. खोली हवेशीर होती, नाहीतर तिथेच नमस्कार करून निघाले असते.

माणूस तसा खाऊनपिऊन सुखी. तापीकाठच्या गुजर पाटलांपैकी, गावाकडे केळीचे मळे, कापूस. मुलीच्या शिक्षणासाठी नंदुरबारात घर बांधलेलं. मुलगी शिकली, लग्न झालं आणि नवऱ्याबरोबर कॅनडाला गेली. त्याच आठवड्यात कॅनडा महासंघाचा सदस्य देश झाला. मुलीला विचारलंसुद्धा नव्हतं. जावई तिथला राष्ट्रीय अध्यक्ष, मुलगी राष्ट्रीय उपाध्यक्ष, आणि त्यांच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये राष्ट्रीय क्रीडांगण.

दुसरा देश नेपाळ. आमच्या गल्लीत गस्त घालणारा गुरखा होता, तो नेपाळचा कायमस्वरूपी प्रतिनिधी. आमच्या सगळ्या महासंघात खरा परदेशी काय तो एवढाच. तिसरा दुबई. मी म्हटलं, "अध्यक्ष, दुबई देश नाही, शहर आहे." तर म्हणाले, "तुमच्या पुस्तकात नसेल मॅडम. आमची केळी जातात तिथे." आता केळी जातात तो देश, असा भूगोल असेल तर मी बी.एड. कशाला केलं? पण त्यांनी दुबईच्या व्यापाऱ्याला फोन लावून सदस्यत्व देऊन टाकलंही होतं. तो बिचारा "हो शेठ, हो शेठ" करत होता. त्याला वाटलं केळीच्या दर्जाबद्दल काहीतरी चाललंय.

पंचांची कार्डं म्हणजे लग्नपत्रिका. त्या भागात पत्रिकांचा काय तोटा! कोपऱ्याला हळद लावलेली ती पिवळं कार्ड, आणि गुलाल-कुंकवाने माखलेली ती लाल. एकदा गल्लीतल्या सामन्यात त्यांनी वाण्याला पिवळं कार्ड दाखवलं आणि तो संध्याकाळी आहेर घेऊन त्या पत्रिकेवरच्या मंगल कार्यालयात जाऊन आला. जेवून आला वर. उत्तेजकांबाबतही ते फार कडक. नंदुरबार म्हणजे मिरचीचं गाव, हंगामात अख्ख्या हवेलाच ठसका असतो. तिथे खोकल्याचं औषध घेऊन लपणं म्हणजे इतरांवर अन्याय, असं त्यांचं म्हणणं. सामन्याआधी ते प्रत्येकाचं तोंड हुंगत. मी लवंग चघळत होते म्हणून मला एकदा खेळू दिलं नाही. मला काय, बरंच झालं!

आता तो नियम सांगते, ज्याच्यापायी पुढचं सगळं महाभारत झालं.

अध्यक्षांचं आयुष्यभराचं एक भांडण होतं, त्यांच्या गावच्या ग्रामसेवकाशी. ग्रामसेवक कोणी का असेना, भांडण तेच. सरकारी माणसाने नेमलेल्या गावी राहायचं असतं, 'मुख्यालयी राहणे बंधनकारक' हे सरकारचं वाक्य अध्यक्षांना वेदवाक्यासारखं पाठ. आणि ग्रामसेवक तर नंदुरबारला बिऱ्हाड करून राहणार. मग अध्यक्ष सकाळी सकाळी मोटारसायकलवर गावी जायचे, ग्रामसेवकाच्या कुलूप लावलेल्या क्वार्टरच्या ओट्यावर बसायचे आणि त्याला फोन करायचे, "भाऊसाहेब, तुमच्या घरी आलोय. चहा ठेवा." तो बिचारा नंदुरबारात दाढी करत असायचा. अर्ध्या दाढीने धावत यायचा. एकाने तर कंटाळून बदलीच मागून घेतली आणि जाताना यांना शाल घालून गेला.

तर महासंघाची घटना लिहिताना यांनी पहिलंच कलम काय लिहावं? 'अध्यक्षाने मुख्यालयी राहणे बंधनकारक राहील.' झालं! दुसऱ्याला आयुष्यभर जे शिकवलं ते स्वतःच्या गळ्यात. त्या दिवसापासून हा माणूस एक रात्र घराबाहेर राहिला नाही. सख्ख्या भाच्याचं लग्न सुरतेला, हे सकाळच्या गाडीने गेले, अक्षता टाकल्या, आणि पंगत उठायच्या आत परतीच्या गाडीत. फक्त एकदा पोटाचं ऑपरेशन निघालं आणि चिंचपाड्याच्या दवाखान्यात राहावं लागलं. तेव्हा यांनी काय करावं? घरावरची पाटी उतरवून जीपमध्ये घातली आणि खाटेशेजारी उभी करून ठेवली. म्हणाले, मुख्यालय तात्पुरतं हलवलंय. भेटायला येणारे आधी पाटी वाचायचे आणि मग तब्येत विचारायचे.

काकू, म्हणजे त्यांची बायको, हे सगळं कसं सोसत होत्या देव जाणे. काकू बारीक चणीच्या, डोक्यावरचा पदर कधी न ढळणारा, आणि जीभ मात्र लवंगी. त्या माझ्याशीसुद्धा अहिराणीतच बोलायच्या. पहिले सहा महिने मी नुसती हसून मान डोलवायची. "हाऊ माणूस येडा शे," त्या म्हणायच्या, "पन कोनं वाईट करस नही. तेवढंच." त्यांच्या तोंडून नवऱ्याचं नाव मात्र कधी म्हणजे कधी यायचं नाही. एकदा मतदार यादीवाल्या बाई दारात आल्या. "मालकांचं नाव सांगा." काकूंनी मला जिन्यावरून खाली बोलावून घेतलं आणि म्हणाल्या, "सांगा मॅडम तुम्हीच." मी म्हटलं, अहो काकू, आता कोण पाळतं हे? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी गुमान नाव सांगून वर गेले. महासंघ निघाल्यावर त्यांची फार सोय झाली. इतकी वर्षं नुसतं "अहो" आणि "आयका का" चाललं होतं, आता त्याही "अध्यक्ष" म्हणू लागल्या.

आणि मग कॅनडाहून बातमी आली. मुलीला दिवस गेले होते.

काकूंचा आनंद काय सांगू! रव्याचे लाडू, डिंकाचे लाडू, बाळंतशोपा, कुंच्या, दुपटी, सगळं घर भरून गेलं. मुलीने दोघांचा व्हिसा केला, तिकिटं काढली, आणि कंपनीच्या कामाने भारतात येणाऱ्या जावयाला बजावून सांगितलं, येताना दोघांना घेऊनच ये. पण अध्यक्ष ठाम. मुख्यालय सोडता येणार नाही. काकूंनी एकटीने जावं म्हटलं तर त्या म्हणाल्या, "एकली कशी जाऊ? माले ना इंग्रजी ये, ना धड तुमनी मराठी. आनि याले चहा बी करता येत नही. मी तठे गऊ तर हाऊ उपाशी मरी जाई." आणि स्वयंपाकघरात जाऊन डोळ्याला पदर लावला. "मन्ही पोर तठे एकली शे. तिन्ही माय आठे डबडं देखत बठेल शे."

मला इतका संताप आला म्हणता! मी तशीच अध्यक्षांकडे गेले. म्हटलं, "लाज नाही वाटत? पोरीचं पहिलं बाळंतपण आहे, आणि तुम्ही तेलाच्या डब्यापायी तिची आई अडवून ठेवलीय."

ते शिट्टीशी चाळा करायला लागले. मग म्हणाले, "मॅडम, इथे चौकातलं शेंबडं पोरसुद्धा मला अध्यक्ष म्हणतं. तिथे मी कोण? जावयाच्या घरी येऊन पडलेला सासरा. आमच्यात लेकीच्या घरचं पाणी पीत नव्हते लोक. मी सहा महिने तिचं खाऊ?"

येडेपणाच्या आत एवढं साधं काही असेल असं मला वाटलंच नव्हतं. पण काकूंचं रडणं काही त्याने थांबणार नव्हतं.

जावई आला. जळगावकडचा, कॉम्प्युटरवाला, गोरागोमटा, स्वभावाने गरीब. आल्या आल्या त्याने सासऱ्यांच्या पाया पडून त्यांना कोंडीत धरलं. "पप्पा, चिंचपाड्याला पाटी नेली होती ना? मग कॅनडाला न्या. मुख्यालय हलवू. तुम्ही मुख्यालयीच राहाल." मी मनात म्हटलं, शाब्बास रे पठ्ठ्या!

अध्यक्ष हसले. "चिंचपाडा जिल्ह्यात येतं, जवाईबापू. मुख्यालय जिल्ह्याबाहेर न्यायचं तर एकच कलम आहे. जो देश विश्वचषक जिंकेल, तिथे मुख्यालय जाईल."

"मग विश्वचषक घ्या," जावई म्हणाला.

अध्यक्षांना वर्षानुवर्षं कोणी हे वाक्य म्हटलं नव्हतं. त्यांचा चेहरा असा उजळला की विचारू नका. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी विमान गाठायला सुरतची गाडी होती. म्हणून विश्वचषक त्याच दिवशी दुपारी ठरला.

मैदान म्हणून एका व्यापारी मित्राची मिरचीची पथारी मिळाली. नंदुरबारच्या वेशीबाहेर हंगामात मोकळ्या रानात ओल्या मिरच्या वाळत घालतात, ती पथारी. जिकडे बघाल तिकडे लालच लाल, मधून चालायला पायवाटा, कडेला पोत्यांच्या थप्प्या, ताडपत्र्या, वाळलेल्या मिरचीचे ढीग. लपायला याच्याहून चांगली जागा जगात नाही, आणि लपून गप्प बसायला याच्याहून वाईट नाही. दुबईने केळीच्या हंगामाचं कारण देऊन माघार घेतली. नेपाळ पंच झाला. उरले भारत आणि कॅनडा, म्हणून थेट अंतिम सामना. भारताकडून लपणार अध्यक्ष, पथारीचा मालक आणि मी. कॅनडाकडे शोधायला एकटा जावई. त्याने विचारलं, "आईंना घेऊ का?"

"खुशाल घ्या," अध्यक्ष म्हणाले. मला आश्चर्य वाटलं. मग मला बाजूला घेऊन त्यांनी हळूच सांगितलं, "ती मला बाद करूच शकत नाही. नियम काय आहे? पूर्ण नाव पुकारायचं. तिने लग्नापासून माझं नाव घेतलेलं नाही. मॅडम, मुख्यालय इथून हलत नाही." आणि अशा आनंदाने टोपी नीट केली की मला त्यांचा राग यावा की कौतुक वाटावं ते कळेना.

गुरख्याने शिट्टी मारली. भारताच्या वतीने मी डबा फेकला. जावई तो आणायला धावला आणि आम्ही लपलो.

मी पोत्यांच्या थप्पीमागे बसले आणि बसल्या बसल्याच शिंकले. मी मुद्दाम शिंकले असा आरोप पुढे माझ्यावर झाला. मिरचीच्या पथारीत मुद्दाम शिंकावं लागतं का? "सरचिटणीस मॅडम ऐसपैस!" जावई ओरडला. गुरखा म्हणाला, "पूरा नाम." जावयाने माझं पूर्ण नाव घेतलं आणि मी बाद झाले. पथारीचा मालक ताडपत्रीखाली होता, पण त्याला त्याच वेळी फोन आला आणि तो ताडपत्रीखालूनच मोठ्याने म्हणाला, "आज बाजारले काय भाव निंघना?" तोही गेला.

राहिले अध्यक्ष.

जावई ढिगामागून ढिगाकडे धावत होता. आणि त्याच्या हातून ती चूक झाली, जी बाहेरून येणारा प्रत्येक माणूस नंदुरबारात एकदा करतोच. मिरचीचे हात त्याने डोळ्याला लावले. "आई गं!" म्हणून जो खाली बसला तो उठेच ना. मिरचीचे देठ खुडणाऱ्या मजूर बाया जेवायच्या सुट्टीत बाभळीखाली बसल्या होत्या, त्यांच्यातली एक तांब्या घेऊन धावली. डोळे धुवता धुवता जावई आंधळ्यासारखा हात नाचवत ओरडला, "पप्पा ऐसपैस! पप्पा ऐसपैस!"

गुरख्याने मान हलवली. "पप्पा नाम नहीं होता, साब. और देखे बिना भी नहीं होता."

आता मैदानात कॅनडाच्या एकट्या काकू. त्या डब्याजवळ पदर खोचून उभ्या होत्या. पथारीत सगळेच शिंकत होते. मी, मालक, बाया, गुरखासुद्धा. त्या सगळ्या शिंकांतून लांबच्या ढिगातून एक शिंक आली. काकूंनी मान वळवली. "हाई शिंक मन्हा घरनी शे," त्या म्हणाल्या.

आणि खरंच तो ढीग हलला. डोक्यावर पोतं घेतलेला, नखशिखान्त मिरचीत माखलेला एक गृहस्थ चार पायांवर पायवाटेने डब्याकडे सरकू लागला. लपण्याचा आव तर होताच, पण लपायची गरज नव्हती. अध्यक्ष उघड्या माळावर काकूंच्या डोळ्यांदेखत येत होते आणि काकू डब्यावर हात ठेवून नुसत्या बघत होत्या. ओठ हलत होते. आवाज फुटत नव्हता.

"आई, बोला ना!" जावई डोळे मिटून ओरडत होता. "तिकडे तुमची मुलगी वाट बघतेय!"

अध्यक्ष जवळ आले. आणखी जवळ. मला राहवेना. माझं पद, माझा देश, सगळं खड्ड्यात गेलं, मी ओरडले, "काकू, घ्या नाव! तुम्हाला माझी शप्पथ!" गुरख्याने मला कुंकू लावलेली लग्नपत्रिका दाखवली, म्हणजे लाल कार्ड. आणि माझ्या ओरडण्याने त्या बायांना नेमकं काय चाललंय ते उमगलं. नाव घ्यायला अडून बसलेली बाई म्हटल्यावर जगात कुठल्याही बायांना पुढचं सांगावं लागत नाही. सगळ्या उठून उभ्या राहिल्या, टाळ्या वाजवायला लागल्या आणि लग्नमांडवात ओरडतात तशा एका सुरात ओरडू लागल्या, "नाव ले वं बाई, नाव ले! नाव ले वं बाई, नाव ले!"

अध्यक्षांनी पोतं फेकलं, उभे राहिले आणि डब्याला लाथ मारायला पाय मागे घेतला.

काकूंनी पदर डोक्यावरून पुढे ओढला, डब्यावर थाडकन हात मारला, आणि पथारीच्या पलीकडे रेल्वेलाइनपर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"लाल लाल मिरची, वाकडा तिन्हा देठ..."

आणि मग नाव घेतलं. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, मागे राव लावून. ते मी इथे लिहीत नाही, ते त्यांचं आहे.

"...ऐसपैस! आते आंडेरनी भेट!"

आंडेर म्हणजे मुलगी. एवढी अहिराणी तोवर मलाही येत होती.

अध्यक्षांचा पाय हवेतच राहिला. मग हळूच खाली आला. बाया ओरडत होत्या, जावई "झालं का? झालं का?" म्हणत होता. गुरख्याने शिट्टी तोंडात धरली, पण वाजवली नाही. उखाण्यात घेतलेलं नाव चालतं की नाही हे घटनेत नव्हतं, आणि वादाचा निकाल द्यायचा अधिकार अध्यक्षांचा. तो अध्यक्षांकडे बघत राहिला. आम्ही सगळेच बघत राहिलो. नाही म्हटलं असतं तर नाही झालं असतं. त्या माणसाच्या हातात होतं.

अध्यक्ष घसा खाकरून म्हणाले, "पंचांना नीट ऐकू उनं नही. परत."

काकूंनी डोळे वटारले. पण परत म्हटला, सगळा उखाणा, देठासकट.

"कानमा मिरची गई शे," अध्यक्ष म्हणाले. त्यांचा आवाज भलताच झाला होता. "अजून एकदा. नुसतं नाव."

आणि काकूंनी नुसतं नाव घेतलं. ओरडून नाही. राव नाही, आडनाव नाही, घरात आईने पोराला हाक मारावी तसं, हळू. अध्यक्ष डब्याशेजारी मिरचीतच मटकन खाली बसले आणि लेंग्याच्या खिशातून रुमाल काढून डोळे पुसायला लागले. रुमालही मिरचीतलाच. मग काय, जास्तच वाहू लागले. काकू त्यांच्याकडे बघून हसतही होत्या आणि रडतही होत्या, आणि "देख देख, सायबानं रूप देख!" म्हणत होत्या.

शेवटी ते उठले, टोपी झटकली, आणि आम्हा सगळ्यांकडे तोंड करून, एकाही डोळ्याने न बघता, जाहीर केलं, "उखाणा ग्राह्य. कॅनडा विजयी. मुख्यालय आजपासून कॅनडाला. अध्यक्षाने मुख्यालयी राहणे बंधनकारक शे." मग जावयाच्या दिशेने बोट रोखलं. तिथे जावई नव्हता, बाभूळ होती. "आयकी ल्या जवाईबापू. मी तुमच्या घरी राहायला येत नाही. मी मुख्यालयी चाललोय."

"हो पप्पा," भलतीकडून जावयाचा आवाज आला.

नेपाळने शिट्टी वाजवली.

आम्ही पायवाटेने परत निघालो. अध्यक्ष पुढे, काकू नेहमीसारख्या दोन पावलं मागे. वाटेत अध्यक्ष थांबले, मागे न बघता म्हणाले, "तठे थंडी ऱ्हास म्हणे. मन्हा स्वेटर टाक वं बॅगमा."

काकू म्हणाल्या, "तो मी परवाच टाकेल शे."